मनाचे दुखणे आणि बोलण्याचा उपचार

(संस्थेच्या वार्षिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी सव्वीस वर्षे महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवले. तेव्हा मला या विषयातले सगळे कळते, असा आपला समज होण्याचा संभव आहे. तो समज आधीच दूर केलेला बरा, म्हणून सुरुवात माझ्याच घरापासून करते.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी माझी भाची बारावीसाठी आमच्याकडे राहायला आली. गावाकडची हुशार मुलगी. तिच्या घरातून विज्ञान शाखेला जाणारी ती पहिलीच. पहिल्या चाचणीत तिला कमी गुण पडले. त्याच सुमारास एका लग्नात कोणीतरी तिला म्हणाले, "शहराचं पाणी चांगलंच मानवलंय हं!" त्यानंतर ती हळूहळू जेवणातून बाजूला होऊ लागली. आज डोके दुखते, उद्या मैत्रिणीकडे खाल्ले. अभ्यास मात्र रात्री दोनपर्यंत. आम्हाला तिचे कौतुक वाटे. मी दिवसा वर्गात नैराश्याची लक्षणे फळ्यावर लिहीत होते आणि संध्याकाळी त्याच मुलीला "किती गं शिस्तीची!" म्हणत होते. एके दिवशी धुवायला काढलेल्या तिच्या दप्तरात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, बुरशी आलेल्या सात-आठ पोळ्या सापडल्या. मी जमिनीवरच बसले.

तिची परवानगी घेऊनच हे सांगते आहे. पुढचे पुढे सांगेन. आज माझा मुद्दा एवढाच आहे की, मनाचा आजार शिकलेल्या घरातही ओळखू येत नाही. कारण तो बहुधा आपल्याला आवडणाऱ्या गुणाचे कपडे घालून येतो. कधी तो शिस्त असतो, कधी शांत स्वभाव, कधी सोशिकपणा.

२०१५-१६ साली बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने देशातल्या बारा राज्यांत मोठे सर्वेक्षण केले. नैराश्याच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे पंच्याऐंशी जणांना कोणताही उपचार मिळत नव्हता, असे त्यात आढळले. ताप आलेल्या शंभरांपैकी पंच्याऐंशी जण असेच पडून राहिले असते, तर आपण मोर्चा काढला असता.

बोलण्याने आजार कसा बरा होतो?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. "बोलायचेच असेल तर शेजारीण आहे की!" असेही लोक म्हणतात. शेजारीण हवीच. पण शेजारणीशी बोलणे आणि मानसोपचार यांत फरक आहे. मानसोपचार म्हणजे प्रशिक्षित व्यक्तीबरोबर, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या उद्देशाने केलेले काम. तिथे सांगितलेली गोष्ट बाहेर जात नाही. जिवाला धोका असेल तरच तिला अपवाद. तिथे उपदेश नसतो. दोन भेटींच्या मधल्या आठवड्यात घरी करायचा अभ्यासही असतो.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील डॉ. अ‍ॅरन बेक यांचे उदाहरण घ्या. ते मूळचे मनोविश्लेषणाच्या परंपरेतले. नैराश्याचे रुग्ण तपासताना १९६० च्या दशकात त्यांच्या लक्षात आले की, या माणसांच्या मनात स्वतःविषयी, जगाविषयी आणि भविष्याविषयी काही वाक्ये आपोआप उमटत असतात. ती इतकी झटपट येतात की माणूस त्यांना विचार मानतच नाही, वस्तुस्थिती मानतो. त्यांच्याआधी, १९५५ पासून, डॉ. अल्बर्ट एलिस यांनीही याच दिशेने काम सुरू केले होते. एलिस यांची पद्धत मराठी वाचकांना विवेकनिष्ठ मानसोपचार या नावाने परिचित आहे. या दोन प्रवाहांतून आणि वर्तनोपचारातून आजची कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे बोधात्मक वर्तनोपचार, उभी राहिली.

विद्यार्थ्यांसाठी एक उदाहरण देते. वसतिगृहातला एक मुलगा एका विषयात नापास होतो. त्याच्या मनात येते, "मी कुचकामी आहे. घरच्यांचे पैसे मी पाण्यात घातले. पुढेही हेच होणार." त्याचे अंग जड होते. तो खोलीतून बाहेर पडत नाही, तासांना जात नाही, आणि त्यामुळे पुढच्या विषयातही मागे पडतो. आता उपचारक त्याला "असा विचार करू नकोस" असे म्हणत नाही. तो त्याला वहीत चार रकाने आखायला लावतो: काय घडले, मनात कोणते वाक्य आले, काय वाटले, आणि त्या वाक्याच्या बाजूने व विरुद्ध पुरावा काय. पाच विषय सुटले, एक राहिला, हा पुरावा आहे. गणिताच्या शिकवणीला पैसे नव्हते, हाही पुरावा आहे. शेवटी जे वाक्य उरते ते गोड नसते, पण खरे असते: "मी एका विषयात नापास झालो, तो मला पुन्हा द्यावा लागेल, आणि त्यासाठी मला मदत लागेल." या वाक्यावर माणूस उभा राहू शकतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्यातल्या अनेक विद्यार्थ्यांना वर्गात, वसतिगृहात जातीवरून टोमणे ऐकावे लागतात. तो अपमान खरा असतो. "तुझे विचार चुकीचे आहेत" असे त्याला कोणी उपचारक सांगत असेल, तर त्याला विद्या कळलेली नाही. अन्याय हा विचारदोष नव्हे. त्याविरुद्ध तक्रार करायची असते, संघटितपणे लढायचे असते. मात्र त्या अपमानातून मनात शिरलेले "म्हणजे मी खरोखरच कमी आहे" हे वाक्य तपासता येते आणि काढूनही टाकता येते. ही दोन्ही कामे एकाच वेळी करायची असतात.

नैराश्य: आधी पाऊल, मग उत्साह

नैराश्यातला माणूस म्हणतो, "बरे वाटले की करीन." उपचार त्याला उलटा क्रम शिकवतो: थोडे कर, म्हणजे थोडे बरे वाटेल. सकाळी अंघोळ, दहा मिनिटे चालणे, एका मित्राला फोन, अशी छोटी कामे वेळ ठरवून करायची आणि केल्यावर मनाची नोंद ठेवायची.

याचा उत्तम पुरावा आपल्या शेजारी गोव्यातच आहे. तेथील संगाथ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी घेतली. तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण निवडले. अर्ध्यांना नेहमीची वैद्यकीय सेवा मिळाली आणि अर्ध्यांना त्याबरोबर सहा ते आठ भेटींचा बोलण्याचा उपचार. हा उपचार देणारे ना डॉक्टर होते, ना मानसशास्त्रज्ञ. ती स्थानिक, सामान्य माणसे होती. त्यांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण दिले होते आणि पुढे देखरेख ठेवली होती. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा बोलण्याचा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. ही चाचणी २०१७ साली लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. आरोग्य केंद्राच्या बाकड्यावर बसूनही हा उपचार देता येतो, हे तिने दाखवून दिले.

चिंता: पळाल्याने भीती वाढते

चिंतेच्या आजारात छाती धडधडते, घाम फुटतो, आता आपण मरणार असे वाटते. माणूस हृदयाच्या डॉक्टरांकडे जातो. तपासणी करून घेणे योग्यच आहे. पण सर्व तपासण्या निर्दोष आल्यावरही झटके येत राहिले, तर त्याचे उत्तर मनाकडे शोधावे लागते. १९८६ साली ऑक्सफर्डचे डॉ. डेव्हिड क्लार्क यांनी या झटक्यांचे सोपे स्पष्टीकरण मांडले. शरीरात साधी धडधड होते. मन तिचा अर्थ "हार्ट अ‍ॅटॅक" असा लावते. त्या अर्थाने भीती वाढते आणि भीतीने धडधड आणखी वाढते. असे हे चक्र फिरत राहते.

त्यातच माणूस टाळायला शिकतो. आज बस टाळली, उद्या बाजार टाळला, परवा घराबाहेर पडणेच बंद. टाळल्यावर क्षणभर सुटका वाटते आणि त्या सुटकेवरच भीती पोसली जाते. म्हणून उपचारात भीतीच्या पायऱ्या लिहून काढतात. सर्वात सोपी खाली, सर्वात अवघड वर. पहिल्या दिवशी बसथांब्यापर्यंत जायचे आणि भीती ओसरेपर्यंत तिथे उभे राहायचे. मग एक थांबा प्रवास, मग दोन. पोहणे काठावर बसून येत नाही आणि एकदम विहिरीत ढकलूनही येत नाही. पायरीपायरीने उतरावे लागते.

आघात: आठवण जेव्हा जुनी होत नाही

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झाले होते. अशा प्रसंगातून वाचलेली माणसे पुढे कित्येक महिने छताखाली झोपायला धजत नाहीत. ट्रक गेला, जमीन थोडी हादरली, की ती दाराकडे धावतात. हा भित्रेपणा नव्हे. साधी आठवण काळाबरोबर जुनी होते, आघाताची आठवण जुनी होत नाही. ती आत्ता घडते आहे असे शरीराला वाटत राहते. युद्ध, अपघात, बलात्कार, घरातली मारहाण, जमावाने केलेला हल्ला, यांपैकी कशानेही हे होऊ शकते. १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत याला आघातोत्तर तणावविकृती म्हणून स्थान मिळाले.

इथे दोन सूचना देते. पहिली, घटना घडल्याबरोबर त्या माणसाला सर्व काही तपशीलवार सांगायला भाग पाडू नका. एकदाच बसवून सगळे वदवून घेण्याच्या पद्धतीचा अभ्यास झाला आहे. त्याने फायदा होत नाही आणि कधी अपायही होतो. आधी पाणी, निवारा, नातलगांचा ठावठिकाणा, आणि ज्याला बोलायचे आहे त्याचे शांतपणे ऐकणे, एवढे करा. बहुतेक माणसे एवढ्या आधारावर सावरतात. दुसरी सूचना अशी की, महिन्यानंतरही दुःस्वप्ने, दचकणे, टाळणे चालूच असेल तर मात्र उपचार हवा. डॉ. एडना फोआ यांनी विकसित केलेल्या पद्धतीत रुग्ण सुरक्षित वातावरणात, तज्ज्ञाच्या सोबतीने, ती आठवण पुन्हा पुन्हा सांगतो. साधारण आठ ते पंधरा भेटी लागतात. हळूहळू मनाला कळते की हे घडले होते, आता घडत नाही.

खाण्याचे आजार: ताटावरचा लढा

आता माझ्या भाचीकडे परत येते. पोळ्या सापडल्यावर मी तिला आधी रागावले. ही माझी दुसरी चूक. गावाकडून नजर उतरवून झाली, गंडा बांधून झाला, टॉनिकच्या बाटल्या आल्या. शेवटी ती चक्कर येऊन पडली. रक्ततपासणीत पोटॅशियम फार कमी निघाले. जेवण टाळण्याबरोबर जेवल्यावर उलटी काढणेही चालू होते, हे तेव्हा कळले. डॉक्टर म्हणाले, "अशाने हृदय बंद पडू शकतं." मी मानसशास्त्राची प्राध्यापक. त्या खोलीत माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

हा आजार फॅशनचा नाही आणि नवाही नाही. लंडनचे डॉ. विल्यम गल यांनी १८७३ साली त्याला अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव दिले. अधाशासारखे खाऊन मग उलटीने किंवा अन्य मार्गाने ते काढून टाकण्याच्या आजाराचे, बुलिमियाचे, वर्णन १९७९ साली डॉ. जेराल्ड रसेल यांनी केले. मनाच्या आजारांत अ‍ॅनोरेक्सिया हा सर्वाधिक जीव घेणाऱ्या आजारांपैकी एक आहे. तो मुलांनाही होतो, आणि गरिबांच्या घरातही होतो. आपल्याकडे उपवास, "पोट बरे नाही" आणि "परीक्षेचे टेन्शन" यांच्या आड तो सहज लपतो. पाळी बंद होणे, सतत थंडी वाजणे, केस गळणे, जेवणानंतर लगेच न्हाणीघरात जाणे, चारचौघांत जेवायला नकार देणे, या खुणा ओळखा.

उपाशी मेंदू कसा वागतो, हे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात दिसून आले. ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी राहिले. थोड्याच काळात ते दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके वाचू लागले, चिडचिडे आणि उदास झाले, मित्रांपासून तुटले. म्हणजे ज्या गोष्टींना आपण मुलीचा हट्टी स्वभाव म्हणतो, त्यांतल्या पुष्कळशा उपासमारीचीच फळे असतात. म्हणून उपचाराची पहिली पायरी अन्न हीच आहे. मात्र फार खंगलेल्या माणसाला एकदम भरपूर खाऊ घालणे धोक्याचे असते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे.

किशोरवयीन मुलांसाठी लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातून पुढे आलेली कुटुंबाधारित पद्धत आहे. त्यात दोष कोणालाच दिला जात नाही. काही काळ जेवणाचा कारभार आईवडील हाती घेतात, आणि मूल सावरेल तसा तो त्याला परत देतात. मोठ्यांसाठी ऑक्सफर्डचे डॉ. ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी बोधात्मक वर्तनोपचाराची खास पद्धत तयार केली. तीत साधारण वीस भेटी असतात, वजन फार घटलेले असेल तर चाळीसच्या आसपास. दिवसात तीन जेवणे आणि दोन वेळा थोडे खाणे, दोन्हींत चार तासांहून अधिक अंतर नाही, खाल्लेल्याची नोंद, आठवड्यातून एकदाच वजन. मग हळूहळू मूळ प्रश्नाला हात घालायचा: माझी किंमत वजनाच्या काट्यावर कोणी ठरवली?

आमच्याकडे माझी बहीण गाव सोडून चार महिने येऊन राहिली. रोज तीन वेळा ती मुलीच्या शेजारी ताट घेऊन बसायची. मुलगी रडायची, ताट ढकलायची. बहीण चौथी शिकलेली. ती एकच वाक्य म्हणायची, "मी इथंच आहे, सावकाश खा." कधी एका भाकरीला दीड तास लागे. मी सव्वीस वर्षे पुस्तकांतून शिकवले, ते तिने त्या ताटाशी बसून करून दाखवले. वर्ष वाया गेले, मुलगी वाचली. आज ती नोकरी करते. मध्ये एकदा आजार उलटलाही. या वेळी तिनेच फोन करून सांगितले, "मावशी, पुन्हा सुरू होतंय, वेळ घेऊन ठेव." बरे होणे म्हणजे हेच, असे मी मानते.

ध्यान, औषधे आणि काही शंका

"ध्यानाने हे सारे जात नाही का?" असे या सभागृहात कोणीतरी विचारणार, हे मला ठाऊक आहे. उत्तर प्रामाणिकपणे देते. बौद्ध परंपरेतल्या सजगतेच्या अभ्यासावरून १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. त्याच्या आधारे सीगल, विल्यम्स आणि टीसडेल या तिघांनी नैराश्यासाठी उपचार तयार केला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत, ज्यांना पूर्वी तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेले होते, त्यांच्यात आजार उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. "विचार येतो आणि जातो, तो मी नव्हे," हे पाहण्याची सवय तिथे कामी आली. पण हा उपचार मुख्यतः सावरलेल्या माणसाला पुन्हा पडू न देण्यासाठी आहे. आजार ऐन भरात असताना, किंवा आघाताच्या आठवणी उसळत असताना, दहा दिवसांच्या मौन शिबिरात एकटे बसणे काहींना जड जाते. शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराविषयी विचारलेले असते. तिथे खरे लिहा आणि डॉक्टरांना विचारून जा. औषध बंद करून मुळीच जाऊ नका.

औषधांबद्दल एवढेच सांगते की, सौम्य व मध्यम नैराश्यात बोलण्याचा उपचार पुष्कळदा पुरेसा ठरतो. तीव्र आजारात औषध आणि उपचार दोन्ही मिळून अधिक गुण येतो. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून त्या मनाने बंद करू नयेत. औषध मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्याचा उपचार करतात. त्यांचे शिक्षण काय, ते कोणत्या पद्धतीने काम करतात, किती भेटी लागतील, हे विचारणे हा आपला हक्क आहे. दोन-तीन भेटींत मन मोकळे होईना, तर उपचारक बदलावा. उपचार सोडू नये.

आणि कोणाच्या तोंडून "जगण्यात अर्थ नाही" असे निघाले, तर ते वाक्य हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, "जीव देण्याचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला सांगायला वाट मिळते. मग त्याला एकटे सोडू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता, असेच गृहीत धरायचे ठरवले आहे. त्याला शिक्षा नव्हे, मदत द्यायची आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीतही बोलता येते.

आपण काय करू शकतो?

संस्थेला माझी तीन कामांची विनंती आहे. आपल्या वाचनालयात जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाचे वार आणि वेळा मोठ्या अक्षरांत लावाव्यात. पहिल्या भेटीला रुग्णासोबत जातील असे पाच-सहा कार्यकर्ते तयार करावेत, कारण ती पायरी एकट्याने चढणे सर्वात कठीण असते. आणि वसतिगृहात जेवण वाढणाऱ्या मावशींना विश्वासात घ्यावे. कोणाचे ताट भरलेले परत येते, हे प्राचार्यांच्या आधी त्यांना कळते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एकच सांगणे आहे. आपल्या आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून आपल्याला शिकवले, हे ओझे तुमच्यापैकी अनेकांच्या खांद्यावर आहे. ते ओझे खरे आहे. पण त्यांना गुणपत्रिकेपेक्षा तुम्ही हवे आहात. माझी बहीण चार महिने ताटापाशी बसली, ती बारावीच्या निकालासाठी नव्हे. हे तुम्हाला कोणी सांगितले नसेल, तर आज मी सांगते.